डोंग्याशी बोलणारा भासरा

रुखमिणीनं ते भांडण जात्यावर बसून ऐकलं. साल त्र्याहत्तर, रोवणीचे दिवस, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. ओसरीवर दोघे भाऊ बोलायला लागले तशी तिनं जात्याचा खुंटा घट्ट धरला आणि हात थांबवला. ऐकू नये असं तिला काही वाटलं नाही. नव्या सुनेला घर कळायला दुसरी वाट कोणती?

"एका डोंग्याचे दोन केले तू," थोरला सोमाजी म्हणाला.

"आन् माहे दोन दात गेले, ते नाही दिसले तुले?" हा धाकटा कवडू. रुखमिणीचा नवरा.

"दिसले. मीट आता तोंड."

झालं होतं असं. सकाळी दोघे भाऊ दोन डोंगे, म्हणजे खोड कोरून केलेल्या लहान होड्या, घेऊन तलावापलीकडच्या वावरात गेले होते. तिथं वाढवलेले धानाचे पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि अलीकडं आणून पारीखालच्या, म्हणजे तलावाच्या बांधाखालच्या, धानाच्या बांध्यांत रोवायचे. येताना ऐन मधात वारा सुटला. कवडूनं डोंगा वाऱ्यावर सोडून दिला. वाऱ्यानं त्याला घराकडं आणलं खरं, पण पारीच्या दगडांवर आणून आपटलं. डोंगा उभा चिरला, पऱ्हे वाहून गेले आणि कवडूचे पुढचे दोन दात तलावाला मिळाले. सोमाजी मात्र त्याच वाऱ्यात पाण्याच्या मधोमध डोंगा थांबवून बसला होता. वारा पडल्यावर आला. एक पेंढीसुद्धा भिजली नव्हती.

"म्या पऱ्हे कोरडे आणले," सोमाजी म्हणाला.

"आणले. दिवस कलल्यावर आणले. रोवणाऱ्या बाया निघून गेल्या. सारं गाव पारीवर उभं राहून हासून राहिलं होतं, बुढा पाण्यात अंडे उबवून राहिला म्हणे."

"वारा होता."

"वारा होता म्हणून तं म्या डोंगा सोडला. वारा घरीच येऊन राहिला होता."

"वारा घरी येत होता. गोटे कुठं जात होते?"

इथं रुखमिणीला हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला. पण पुढचं ऐकलं आणि तो पदर तोंडातच राहिला.

"थांबून थांबून काय भेटलं तुले?" कवडू म्हणाला. "लढाईत गेला, तिकडं बंगाल मुलखात थांबला. इकडं तुही ठरलेली पोरगी दुसऱ्याच्या घरी गेली. तरी तू थांबूनच. जन्मभर पाण्याच्या मधात बसून राह्य आता."

 पाण्याचा गडवा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग मी पल्याडच थांबतो," सोमाजी म्हणाला. आवाज चढला नाही, पडला नाही. भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक घोंगडी, एक कुऱ्हाड आणि स्वयंपाकाचा एक गंज घेऊन तो पल्याडच्या वावरातल्या झोपडीत राहायला गेला. पुन्हा घरी राहायला आला नाही.

आता हे गाव कुठलं ते सांगायला हवं. कोंढ्याहून दोन कोसावर पिंपळबांध. गावापेक्षा तलाव मोठा. तलावाची पार चढली की पलीकडचा काठ हिरव्या दोरीएवढा दिसायचा. पायी जायचं तर तलावाला वळसा, चार कोस. डोंग्यानं सरळ गेलं तर पानाचा विडा संपायच्या आत. घर अलीकडं, वावर पलीकडं, अशी त्या कुटुंबाची मांडणी होती आणि त्या भांडणानंतर माणसांचीही तशीच झाली.

वर्षभरात कवडूही गेला. भिलाईच्या कारखान्यात काम लागलं म्हणाला. थांबणं त्याला कधी जमलंच नव्हतं, घरीही जमलं नाही. पहिल्या वर्षी दिवाळीला आला, दुसऱ्या वर्षी पोळ्याला आला, तिसऱ्या वर्षी कार्ड आलं. पोरबाळ झालं नव्हतं. सासूसासरे लग्नाआधीच गेलेले. चार खणांच्या घरात रुखमिणी एकटी, आणि तलावापलीकडच्या झोपडीत तिचा भासरा एकटा.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आताच्या पोरी भासऱ्यासोबत मोटरसायकलवर बसून बाजारात जातात, त्यांना हे खरं वाटायचं नाही. तेव्हा भावजयीनं भासऱ्यासमोर यायचं नाही. त्याच्या कानावर आपला आवाज पडू द्यायचा नाही. एका खाटेवर, एका सतरंजीवर, एका डोंग्यात बसायचं नाही, कारण लाकडातून शिवाशिव होते. चुकून त्याच्या कपड्याला हात लागला तर डोक्यावरून आंघोळ. सोमाजीचं धोतर-पटका रुखमिणीनं कधी धुतलं नव्हतं, वाळत घातलेलं असलं तर ती दोरीखालून वाकून जायची. यात कोणाचा राग नव्हता. उलट, मान होता. पण मान असा की दोन माणसांचं घर असून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलू शकत नव्हती.

पण पोटाला जेवण लागतंच. रोज सकाळी भात, लाखोळीची डाळ, असेल ती चटणी असा पितळी डबा भरून ती पलीकडं न्यायची. डोंगा इश्वर ढिवर चालवायचा. काठावर मोहाखाली एक सपाट दगड होता. त्यावर डबा ठेवायचा, काल ठेवलेला घासून ठेवलेला रिकामा डबा उचलायचा आणि डोंग्यात येऊन पाठ करून बसायचं. मग सोमाजी झोपडीतून बाहेर यायचा. रिकामा डबा खरं तर रिकामा कधीच नसायचा. कधी कमळाचे कंद, कधी पोपट वालाच्या शेंगा, कधी नुसती मोहाची फुलं. कोणाच्या घरी भांडं रिकामं परत पाठवू नये, एवढं तो बंगाल्यात विसरून आला नव्हता.

शहात्तर साली इश्वरच्या डोळ्यांत फूल पडलं.

"सुनबाई," तो म्हणाला, "मले आता पाणी बी पांढरं दिसते आन् पार बी पांढरी दिसते. तुले बुडवीन एखाद्या दिवशी."

"मंग डबा?"

"डोंगा घेऊन जाय तू. बांबू टेकवता येते, वल्हं मारता येते. वारा नसते सकाळी."

सकाळी वारा नसतो हे खरं. पण वाऱ्याला घड्याळ कोण बांधणार? आषाढात एका दिवशी ती परत फिरली आणि मागून वारा आला. मधात बांबू तळाला लागत नव्हता. वल्हं मारावं तर डोंगा भलतीकडं तोंड फिरवायचा. तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून सांडतं त्याला सलंग म्हणतात. डोंगा त्या सलंगाकडं ओढला जाऊ लागला. पाणी पडल्याचा आवाज तिला ऐकू यायला लागला. ती डोंग्यात उभी राहिली, म्हणजे जे करू नये नेमकं तेच केलं.

तेव्हा मागच्या काठावरून हाक आली. एवढ्या वर्षांत भासऱ्याचा आवाज तिनं मोठ्यानं ऐकला नव्हता.

"हे डोंग्या," सोमाजी ओरडत होता, "उभा काहून राहिला बाबा? बस खाली. बस."

रुखमिणी बसली.

"बांबू आडवा टाक मांडीवर. डाव्या अंगानं वल्हं दाब, डाव्या अंगानं. बेशरमाच्या झाडात शिर, डोंग्या. लाज नको धरू."

काठच्या पाण्यात बेशरमाची दाट झुडपं माजलेली होती. डोंगा त्यात जाऊन अडकला. अंगभर खरचटलं, पण सलंग टळला. ती तिथं झुडपाला धरून बसली असताना तिच्या लक्षात आलं की भासऱ्यानं रिवाज मोडला नव्हता. तो तिच्याशी बोललाच नव्हता. डोंग्याशी बोलला होता.

ही बातमी करडीला तिच्या माहेरी पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी भाऊ श्रावण दारात हजर.

"बाई, कपडे बांध," तो म्हणाला. "चाल करडीले."

"घर?"

"घराले कुलूप लाव."

"आन् पल्याड डबा कोण नेईल?"

"भासरा तुहा. त्याले हात आहेत. भात शिजवन् तो." श्रावण ओसरीवर बसला. "कवडू भिलाईले, भासरा रानात, अन् तू पाण्यात. हे घर आहे का काय आहे? तू मेली तं मले कोण विचारन् माहीत आहे? सारी करडी विचारन्."

रुखमिणीनं त्याच्यासमोर पाण्याचा गडवा ठेवला. तिला हे ठाऊक होतं की नवरा परगावी असताना बाई माहेरी गेली की ती पाहुणी म्हणून जात नाही. घराला एकदा कुलूप लागलं की चार पावसाळ्यांत कौलं खाली येतात. वावर गावातलं कोणीतरी नुसतं सांभाळायला म्हणून घेतं. आणि तिकडं मोहाखाली एक माणूस घासलेला डबा ठेवून वाट पाहत बसतो. माहेरी तिला कोणी उपाशी ठेवलं नसतं. पण इथं हे जे अर्धवट, उभं-आडवं काही होतं, ते तिचं होतं.

"पोळ्यालोक थांब," ती म्हणाली. "पोळ्याले ये. तोवर मले वाऱ्यात डोंगा नाही सांभाळता आला तं तुह्यासोबत येतो."

"लिहून दे."

"मले कुठं लिहिता येते?"

"मंग मी ध्यानात ठेवतो," श्रावण म्हणाला आणि जेवून गेला.

चार दिवसांनी इश्वर ढिवर काठी टेकत आला. भासऱ्याचा निरोप होता, डोंगा एक दिवस इकडं सोडून दे. ती डबा ठेवून डोंगा तिथंच सोडून चार कोस पायी घरी आली. दुसऱ्या दिवशी चार कोस पायी गेली तर डोंग्याचं सगळं रूप बदललेलं. मधात एक बांबू उभा, त्याला सासूचं जुनं नऊवारी बांधून शीड केलेलं. एका अंगाला फळी लटकवलेली, डोंगा आडवा सरकू नये म्हणून. मागं वल्ह्याला खोबण. आणि पुढच्या टोकाला, बांबूपासून नाकापर्यंत, एक लहान तिकोनी फडकं. त्याच्या खालच्या कोपऱ्याला दोरी.

सोमाजी झाडाआड उभा होता. बोलायला लागला.

"हे पाह्य डोंग्या. बंगाल्यात एक म्हातारा नावाडी होता, त्यानं मले शिकवलं ते तुले सांगतो. वारा आला तं पळायचं नाही. नाक वाऱ्याकडं फिरव. मोठं लुगडं ढिलं सोड, फडफडू दे. पुढचं फडकं उलट्या अंगानं ओढ, वाऱ्याच्या अंगाले, आन् दोरी बांधून टाक. वल्ह्याची मूठ दुसऱ्या अंगाले दाब आन् तेबी बांधून टाक. फडकं म्हणते घरी चाल, वल्हं म्हणते वाऱ्यात चाल. दोघाचं भांडण लागते. त्या भांडणात डोंगा उगामुगा उभा राहते. मंग कोणी काही करायचं नाही. बसायचं."

डोंगा काही बोलला नाही. रुखमिणीनं पदराआडून मान हलवली, ती झाडाला दिसली असेल तर असेल.

आषाढ गेला, श्रावण महिना लागला. रोज डबा ठेवल्यावर ती काठापासून थोडी दूर जाऊन हे करून बघायची आणि रोज फसायची. डोंगा वाऱ्याकडं नाक करायचा, क्षणभर थांबायचा, मग तोंड फिरवून वासरासारखा उधळायचा. काठावरून भासरा कावायचा.

"अरे डोंग्या, पुढचं फडकं ओढ नं. ओढत काहून नाही? हात भाजते का तुहा? वीस दिवस झाले, म्हशीले शिकवलं असतं तं म्हैस शिकली असती."

डोंग्यात बसलेली बाई ओठ चावायची. ती ते फडकं ओढत नव्हती, कारण ते फडकं म्हणजे सोमाजीचा जुना पटका होता. कोपऱ्यावर लाल काठ अजून दिसत होता. त्यानं झोपडीत जे जुनं सापडलं ते लावलं, पुरुषांच्या डोक्यात एवढं कुठं येतं? पण भासऱ्याच्या डोक्याचा पटका भावजयीनं हातात धरायचा, ओढायचा, गाठ मारायची? मोठं लुगडं ती हाताळायची, वल्हं दाबायची, पण पुढं हात जायचा नाही. आणि हे त्याला सांगायचं कसं? तिचा आवाज त्याच्या कानावर जाता कामा नये. डोंग्याला म्हणून सांगावं, तर तेही काठावर त्याच्या कानावर गेलंच असतं.

तिनं इश्वरला सांगितलं. इश्वर आपल्या पांढऱ्या डोळ्यांनी तलावाकडं बघत म्हणाला, "सुनबाई, फडकं म्हणून ओढ."

"फडकं नाही नं ते. पटका आहे."

"वाऱ्याले माहीत आहे का?"

"मले माहीत आहे."

"मंग माहीत असून बूड," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. सोमाजीला सांगतो म्हणाला होता, पण त्याच दिवसांत त्याला ताप भरला आणि निरोप त्याच्यापाशीच राहिला.

पोळ्याच्या दिवशी श्रावण सकाळीच आला. अंगात धुतलेला सदरा, हातात बहिणीसाठी रिकामी पिशवी, तिचे कपडे न्यायला. रुखमिणीनं त्याला चहा दिला, पुरणाचा डबा भरला आणि डोंग्यात बसून निघाली. पारीवर सगळं गाव होतं. पोळा म्हणजे बैल धुवायचे, शिंगं रंगवायची. दगडांच्या पायथ्याशी पाण्यात पंचवीस-तीस बैल उभे आणि त्यांच्या पाठी घासणारी माणसं.

जाताना वारा नव्हता. मोहाखाली डबा ठेवला, जुना उचलला, परत फिरली. अर्ध्या तलावावर आली आणि पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन आलं. वाऱ्यानं लुगड्याचं शीड असं भरलं की डोंग्याचं नाक वर आलं. समोर पार, दगड, बैल, माणसं सगळं मोठं मोठं होत येऊ लागलं. तिला लोकांचे हातवारे दिसत होते. ये, ये, इकडं ये. श्रावण कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओरडत होता, "बाई, वल्हं मार. सरळ ये. सरळ." मागचा काठ लांब राहिला होता. तिथून हाक येणं शक्य नव्हतं. डोंग्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

तिला पारीखालचे दोन दात आठवले. मग तिनं स्वतःच म्हटलं, हळूच, "पळू नको डोंग्या." आणि वल्हं दाबलं. डोंगा कलला, पाणी आत आलं, नाक वाऱ्याकडं फिरलं. लुगडं ढिलं सोडलं, ते फाडफाड करायला लागलं. आता नेहमीसारखा डोंगा थबकला आणि नेहमीसारखा पुन्हा तोंड फिरवायला लागला. तिनं डोळे मिटले, पुढं वाकली आणि भासऱ्याचा पटका दोन्ही हातांनी धरून वाऱ्याच्या अंगाला ओढला. दोरी दाताखाली धरून गाठ मारली. मग मागं सरकून वल्ह्याची मूठ दुसऱ्या अंगाला दाबली आणि लुगड्याच्या पदराच्या चिंधीनं बांधली.

डोंगा थांबला.

म्हणजे खांबासारखा नाही थांबला. वाऱ्याला तिरका खांदा देऊन उभा राहिला आणि हळूहळू, बैल मागं सरकावा तसा, आडवा सरकत राहिला. सरकता सरकता वाऱ्याकडच्या अंगाला पाणी गुळगुळीत होत गेलं, तेल सांडल्यासारखं. लाटा त्या गुळगुळीत पट्ट्याजवळ येऊन मोडून जात होत्या. पाऊस पडत होता. पारीवरची माणसं ओरडत होती, पण तो आवाज आता दुसऱ्या गावातल्या बाजारासारखा येत होता. रुखमिणीनं हात मांडीवर ठेवले. करायला काही नव्हतं. लग्न होऊन तीन वर्षं झाली, त्याआधी सतरा वर्षं माहेरी गेली, इतक्या दिवसांत आपल्याला करायला काही नाही अशी वेळ तिच्यावर आली नव्हती. नवरा भिलाईला, भाऊ एका काठावर, भासरा दुसऱ्या काठावर. कोणाचाही हात पोचणार नाही आणि कोणाला तिचं तोंड दिसणार नाही अशा जागी ती पोटभर रडली. मग परत आलेला डबा उघडून बघितला. आत काकडी होती. ती खाल्ली.

वारा पडायला दोन तास लागले. तिनं गाठी सोडल्या, वल्हं मारत पारीशी आली आणि बैलांच्या मधून डोंगा असा लावला की एका बैलानंही शेपूट हलवलं नाही.

श्रावण थंडीनं काकडला होता. "मले वाटलं अटकली तू."

"थांबली होती."

"दोन तास?"

"वारा दोन तास होता."

त्यानं एकदा तलावाकडं बघितलं, एकदा हातातल्या रिकाम्या पिशवीकडं. "पिशवीत पुरणपोळ्या टाकून दे मंग," तो म्हणाला. "खाली पिशवी घेऊन गेलो तं तुही वहिनी हासन्."

रुखमिणी आधीच नखशिखांत भिजली होती, तरी घरी जाऊन तिनं डोक्यावरून आंघोळ केली. पटक्याला हात लागला होता ना.

दुसऱ्या दिवशी ती डबा ठेवून परत वळली तर झाडाआडून आवाज आला, "डोंग्या, आज इथंच राह्य." ती चार कोस चालली. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली तर पुढचा पटका नव्हता. त्याच्या जागी कोरं मांजरपाट होतं, कडक, खळीचा वास येणारं, कोणाच्या अंगाला न लागलेलं. सोमाजी ते आणायला स्वतः कोंढ्याच्या बाजाराला पायी गेला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"डोंग्या," तो म्हणाला, "म्या दुरून पाह्यलं परवा. मले समजाले उशीर लागला. काहून नाही बोलला रे तू?" आणि थोड्या वेळानं, "बरोबर. तू कसा बोलशीन?"

तेव्हापासून अकरा वर्षं तो नेम बसला. ती डबा ठेवायची, घासलेला डबा घ्यायची, काठापासून वीसेक हात आत जाऊन डोंगा थांबवायची आणि पाठ करून बसायची. सोमाजी बाहेर येऊन डबा उघडायचा, बघायचा आणि झाकणावर दगडानं दोनदा ठोकायचा. ठक, ठक. म्हणजे मिळालं. मग डोंग्याला दोन शब्द सांगायचा. यंदा पऱ्हे पिवळे पडून राहिले, डोंग्या. पायात काटा गेला होता, निघाला. रात्री तुह्या काठावर दिवा नव्हता, तेल सरलं का? डोंग्याच्या तर्फेनं उत्तर डब्यातून जायचं. काट्यावर हळद, दिव्याच्या प्रश्नावर दुसऱ्या रात्री उजेड. तोवर डोंगा हळूहळू मागं सरकत जायचा आणि बोलणं ऐकू येईनासं व्हायचं, तेव्हा बोलणं संपलं असं समजायचं. चांगली सोय होती. भांडण उरकायलाही इतकी चांगली सोय कोणाला मिळत नाही.

एकोणऐंशी साली कवडू आला. सोन्याचे दोन दात लावून आला होता. भिलाईला खोली आहे म्हणाला, चाल.

"डबा?" रुखमिणीनं विचारलं.

"बंद कर."

सकाळी ती नेमानं डबा घेऊन गेली. काठावर डोंगा थांबवून बसली, ठक ठक झाली. त्या दिवशी तिनं गाठ लवकर सोडली नाही. परत जाणारी पावलंही वाजली नाहीत, सोमाजी तिथंच उभा राहिला असावा. पलीकडं पारीवर येऊन उभा राहिलेला कवडू त्याला दिसला होता का, ते तिला कधी कळलं नाही. ती घरी आली तेव्हा कवडू दहाच्या मोटारीनं गेला होता. चुलीजवळ त्यानं प्यालेल्या चहाचा कप धुवून ठेवला होता. एवढं मात्र तो भावाकडून शिकला होता.

नंतर तो आला नाही. कोणी म्हणायचे, त्याच्याकडं दुसरी कोणी रांधते. रुखमिणी कोणाला काही विचारायची नाही. भात शिजवताना दोन माणसांचा शिजवायची, तेवढं पुरे होतं.

सत्त्याऐंशीच्या कार्तिकात एका सकाळी ठक ठक आली नाही. ती सूर्य डोक्यावर येईतोवर थांबून राहिली. मग पहिल्यांदा त्या सपाट दगडाच्या पलीकडं गेली. पुढचं गावातल्या माणसांनी केलं, कवडूला तार गेली, तो तेराव्याला पोचला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचा तो आदला दिवस.

आदल्या दिवशी थंडी पडायला लागली होती. वारा इतका कमी की थांबायला काही करावंच लागलं नसतं, पण तिनं नेमाप्रमाणं सगळं केलं. दगडावर घासलेला डबा होता, राखेनं घासलेला, आत उकडलेले शिंगाडे, अजून कोमट, वर पळसाचं पान. तिनं नवा डबा ठेवला. भात, डाळ, जवसाची चटणी. वीसेक हात आत गेली, मांजरपाट उलट्या अंगाला ओढलं, वल्हं बांधलं, पाठ केली. मांजरपाट आता चौथं होतं. प्रत्येक वेळी तोच बाजारातून आणायचा.

पावलं वाजली, रोजच्यापेक्षा थोडी सावकाश. झाकण उघडल्याचा आवाज. मग ठक, ठक.

"जवस बरं आहे यंदाचं, डोंग्या," सोमाजी म्हणाला. "मोठ्या लुगड्याच्या काठाले उसवलं आहे. शिवून घेजो."

रुखमिणीनं वर बघितलं. खरंच उसवलं होतं, बोटभर.

"जाय आता. पारीकडं पाहून जाय."

पावलं परत गेली. झोपडीच्या दाराचं तट्टं सरकल्याचं तिनं ऐकलं. मग एक शिंगाडा सोलून तोंडात टाकला, पुढं वाकून दोरीची गाठ सोडली आणि वल्हं हातात घेतलं.